मधली जागा

"मॅडम, तुम्ही बोलता तवा चेंडू ऐकू नाई येत," फुला म्हणाली.

मी तोंडावर हात ठेवला. तोवर चेंडू तिच्या कोपराला चाटून मागच्या भिंतीवर आदळला होता आणि त्याच्या पोटातले घुंगरू अजून खुदखुदत होते.

"अगं, मी तुला सांगत होते की डावीकडं पड..."

"चेंडू सांगते नं मॅडम. तुम्ही दोघंबी संगंच सांगता, मंग मी कोनाचं ऐकू?"

हॉलभर हसू पसरलं. सहा मुली, सहाही जणींच्या डोळ्यांवर काळी पट्टी, आणि हसणं मात्र सगळं माझ्या दिशेनं. मीही हसले. हसू आवाजाचं केलं, नाहीतर त्यांना ते कळलं नसतं.

मी फलटणकडची. खो-खोच्या मैदानावर वाढलेली. खो-खोत ओरडल्याशिवाय पान हलत नाही. पाठीमागून हात पडतो, कानात "खो" शिरतो आणि बसलेलं अंग बाणासारखं सुटतं. गावच्या संघात आम्ही पोरी एका पाटीवर एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं, अशा बसायचो. पुढं एकेक पोर सासरी गेली. पाटी रिकामी होत गेली. शेवटी मैदानात मी आणि दोन खुंट राहिलो. मैदान सुटू नये म्हणून मी हट्टानं शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आले, ते थेट विदर्भात. निघताना दादा म्हणाला होता, "एवढं एक वर्ष. पास झालीस तर तुझ्या मनासारखं. नाहीतर पाहुणे थांबलेत."

वर्ष संपता संपता शेवटच्या पाठासाठी, म्हणजे मुलांना शिकवून दाखवायच्या परीक्षेसाठी, कॉलेजातल्या इंगोले सरांनी माझ्या नावापुढं अंध मुलींची शाळा लिहिली. खेळ गोलबॉल.

"सर, मी खो-खोची. हा खेळ मी बघितलासुद्धा नाही."

"म्हणूनच. जे येतं तेच शिकवाल तर तुम्ही काय शिकाल, गुरव? मुलींना खेळ येतो थोडाफार. तुम्हाला एकच गोष्ट सांभाळायची, शांतता. हा कानांचा खेळ आहे. पाठाच्या दिवशी बाहेरून परीक्षक येतील. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे."

खेळ तसा सोपा. दोन्हीकडं तीन-तीन मुली. कुणाला थोडं अंधुक दिसतं, कुणाला काहीच नाही, म्हणून सगळ्यांना पट्टी. पट्टीखाली सगळ्या सारख्या. चेंडू बास्केटबॉलएवढा पण जड, पोटात घुंगरू घातलेला. एकीकडून तो फरशीवरून सरपटत फेकायचा आणि पलीकडच्या तिघींनी नुसत्या आवाजावर, आडवं पडून, अंगाचा बांध घालून तो अडवायचा. मागं हॉलच्या रुंदीएवढा गोल, चेंडू तिथं पोचला की पलीकडच्यांना गुण. रेषासुद्धा बोटांनी वाचायच्या, चिकटपट्टीच्या खाली सुतळी घालून उंचावलेल्या.

शाळा गावाबाहेर, संत्र्याच्या बागांना लागून. मी गेले तेव्हा झाडं बहरली होती. संध्याकाळी तो वास खिडकीतून आत यायचा आणि खोलीत माझ्याशिवाय त्याला विचारणारं कुणी नसायचं. एक खाट, एक खुंटी, एक खिडकी. कॉलेज लांब, गाव त्याहून लांब. माझी बोलीही तिथं परकी. मी "चला की", "बसा की" म्हटलं की पोरी तोंडं दाबायच्या. दुसऱ्याच दिवशी माझं नाव पडलं, कीमॅडम. शेवंताकाकू, म्हणजे तिथल्या गृहमाता, संध्याकाळी दारातून एकदा विचारायच्या, "जेवली का वं?" मी "हो" म्हणायचे. एवढंच त्या दिवसाचं माझ्याशी कुणी माझ्याविषयी बोललेलं असायचं.

आई गोठ्यात शेण भरताना एक ओवी म्हणायची. तेव्हा मी ती नुसती ऐकली होती.

लेक दिली दूर देशी, तिथं बोलाया गं कोन
भिंतीला सांगे गूज, भिंत ऐके देऊन कान

माझ्या खाटेला लागून जी भिंत होती तिच्यापलीकडं मुलींची झोपायची खोली. जेवणं झाली, प्रार्थना झाली की त्या आपापल्या खाटांवर जायच्या. बाहेर अजून उजेड असायचा, पण त्यांना त्याचं काय. आणि मग भिंतीवर आवाज यायचा. टक टक. लांबून यायचा, थांबायचा, थोडा जवळ यायचा. टक टक. अगदी माझ्या उशाशी येऊन संपायचा.

"काकू, पाल आहे का काय भिंतीत?"

"पाल कायची? पोट्ट्या भिंत ठोकतेत झोपाच्या आधी. खोडच हाय त्याहिले. मी म्हनत नाई काई."

ती खोड मला दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये सापडली. चेंडू पलीकडं गेला की अलीकडच्या तिघी बोटाच्या पेरानं फरशीवर वाजवायच्या. डावीकडची वाजवायची, मधली वाजवायची, उजवीकडची वाजवायची. टक टक, टक टक, टक टक. खेळ चालू असेपर्यंत हे चाललेलं. मला परीक्षेच्या हॉलमध्ये पेन आपटणारी पोरं आठवली. इंगोले सरांची टाचणी आठवली.

"फरशी वाजवायची नाही," मी म्हणाले.

फुला उईके सगळ्यांत बोलकी. ती गुडघ्यावर उठली. "काहून मॅडम?"

"आवाज होतो म्हणून. हा शांततेचा खेळ आहे. मी बोलायची थांबले की नाही? मग तुम्हीपण."

"पन मॅडम, ते तं..."

"पण नाही. आणि रात्री भिंत ठोकायचंही बंद करा. तिकडं सवय राहिली तर पाठाच्या दिवशी इकडं हात आपोआप जाईल."

फुलानं मान वळवली, जणू शेजारणीकडं बघितलं. तिच्या शेजारी, मधल्या जागेवर, कांचन होती. कांचन मेश्राम. कांचन फारशी बोलायचीच नाही. बाकीच्या जन्मापासून अंध. ही गेल्या वर्षापर्यंत शाळेच्या मैदानात झेंडा चढवणारी मुलगी. तापात डोळे गेले आणि दिवाळीनंतर बाप इथं आणून सोडून गेला. आली तेव्हा हॉलच्या खांबाला पाठ लावून बसायची, खांब सोडायची नाही. फुलानंच तिला ओढून खेळात घेतलं. आणि खेळायची कशी! चेंडू निघायच्या आधीच तिच्या खांद्याला त्याची वाट कळायची. मधली जागा मी तिलाच दिली होती. माझा सगळा पाठ त्या मधल्या जागेवर उभा होता.

मुली शहाण्या. सांगितलं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी हॉल असा शांत झाला की बाहेर बागेतली पाण्याची मोटार ऐकू यायला लागली. मला वाटलं, जमलं.

पण खेळ बिघडला. तिघी दोन-तीनदा पडल्या की त्यांच्या जागा सुटायच्या. फुला आणि वंदना ढोके एकाच चेंडूवर पडल्या, डोकी आपटली. चेंडू अडवायला गेलेली कांचन पालथी होऊन उठली ती उलट्या दिशेला तोंड करून, आणि पाठीमागून आलेला चेंडू तिच्या पायांत शिरला. ती घाबरून धावली. धावायचं नसतं. तिचं कपाळ खांबावर आदळलं.

"लागलं का गं?"

"नाई."

"बघू."

"नाई म्हनलं नं." तिनं खांबाला धरलं आणि खाली बसली, पहिल्यासारखी. "मी नाई खेळत."

मी समजावलं. रागावले. पुन्हा समजावलं. दोन्ही बाजू मिळून मुली सहाच, सातवी त्या वयाची शाळेत नव्हती. पाठ परवावर आलेला. पाचांवर पाठ होत नाही, पाठ झाला नाही तर वर्ष नाही, आणि वर्ष नाही तर दादानं थांबवलेले पाहुणे आहेत. हे सगळं मी कांचनला सांगितलं नाही, पण माझ्या आवाजात ते आलं असणार. तिनं तोंड गुडघ्यात घातलं.

त्या संध्याकाळी भिंत गप्प होती. आदल्या संध्याकाळीही गप्पच होती, पण मला ते आज कळलं. मी खाटेवर बसले होते आणि कान आपोआप त्या टकटकीची वाट बघत होता. संत्र्याचा वास आला, गेला. शेवंताकाकू दारात आल्या.

"जेवली का वं?"

"हो. मुली झोपल्या?"

"बाकीच्या झोपल्या. ते कांचन बसून हाय खाटेवर. काल बी बसूनच होती. इचारलं तं म्हनते, काई नाई."

पाठाच्या आदल्या दिवशी पाच मुली हॉलमध्ये आल्या. कांचन खांबापाशीही नव्हती. सराव तर करायलाच हवा होता. मी पायांतल्या चपला काढल्या.

"आज मधे मी बसते," मी म्हणाले.

"पट्टी बांधून?" वंदनानं विचारलं.

"बांधून."

"अरे बाप्पा! कीमॅडम आंधळ्या होऊन राह्यल्या!" फुलानं सगळ्यांना बातमी दिली.

एवढे दिवस त्यांना शिकवत होते, पण पट्टी मी कधी बांधली नव्हती. बांधून काय करणार, मला तर बघायचं होतं. कांचनच्या पट्टीत तिच्या तेलाचा वास होता. ती डोक्यामागं बांधली आणि हॉल गेला. खांब गेले, खिडक्या गेल्या, मुली गेल्या. मी बोटांनी सुतळीची रेष शोधली, तिच्यावर गुडघे टेकले. एवढं बरं वाटलं. पलीकडून घुंगरू निघाले. मी आयुष्यभर जशी सुटत आले तशी सुटले, डावीकडं, सगळं अंग टाकून.

चेंडू उजवीकडून गेला.

मी उठून बसले. हात फिरवला, रेष नव्हती. पुढं हात केला, काही नव्हतं. मागं केला, काही नव्हतं. माझं तोंड कुठं आहे हेच मला कळेना. हॉलमध्ये पाच मुली होत्या आणि मला एकीचाही श्वास ऐकू येत नव्हता. मीच लावलेली शिस्त होती ती. हाक मारावी वाटली, पण शिकवणारीनं हाक कशी मारायची? खो-खोत मी किती वेळ पाठमोरी बसले असेन, पण पाठीमागं कुणीतरी धावत येतंय हे पाठीला माहीत असायचं. इथं कुणीच येत नव्हतं. त्या काळोखाला खोलीच नव्हती, आणि मी त्यात कुठंही नव्हते. घुंगरू पुन्हा वाजले. कुठून, ते मला सांगता आलं नसतं. मी गुडघे पोटाशी घेतले.

टक टक.

डावीकडून. अगदी हळू. फरशीतून तो आवाज माझ्या तळव्यात आला.

मग उजवीकडून. टक टक.

आणि हॉल परत आला. दिसला नाही, पण आला. डावीकडं फुला होती, उजवीकडं वंदना होती आणि त्यांच्या मधे कुणीतरी होतं. ती मी होते.

"मॅडम, तुम्ही वाकड्या बसल्या," फुला कुजबुजली. "वंदीकडं पाठ करा जराशी. हां. आता मोहरं रेष लागंल तुम्हाले."

रेष लागली.

"तुम्ही ही फरशी... हे कशासाठी वाजवता?"

"बोलू नका मॅडम, शांततेचा खेळ हाय," वंदना म्हणाली आणि पलीकडच्या तिघी फिसकन हसल्या.

"सांग की गं!"

"कायसाठी म्हनजे?" फुलाला प्रश्नच नवा होता. "मी इथं हाय, म्हनून."

"एवढंच?"

"अजून काय पाह्यजे?"

मी पट्टीवर हात ठेवला, पण काढली नाही. "आणि रात्री भिंतीवर?"

"तेच. कांचनच्या खाटेपासून सुरू करत होतो आम्ही. तिची खाट पार त्या टोकाले हाय. आमचा अंधार जनमाचा हाय मॅडम, आमाले काय त्याचं? तिचा नवा हाय. तिले वाटते, सगळे सोडून गेले. मंग आम्ही एकेक जन सांगतो, मी हाय, मी हाय. मंग झोपते ते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होती नं. तुम्ही म्हनल्या, पन नाई."

कांचन मला स्वयंपाकघराच्या पायरीवर सापडली. लसूण सोलत होती. मी शेजारी बसले. माझ्या चपलांवरून तिनं मला ओळखलं असावं, पण बोटं थांबली नाहीत.

"कांचन, मी आज तुझ्या जागेवर बसले होते."

"फुलानं सांगतलं."

"मला भीती वाटली गं."

तिची बोटं थांबली. "मंग?"

"मग काय. फुलानं वाजवलं, वंदनानं वाजवलं, तेव्हा कुठं..."

"नंतर पट्टी काढली नं तुम्ही?"

"काढली."

"तुमची निघते, मॅडम."

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. तिच्या ओच्यात टरफलांचा हलका ढीग होता, वाऱ्यानं त्यातलं एखादं उडत होतं. सांत्वनाचा एकही शब्द मला माझ्या तोंडात खरा वाटेना. मी पायरीवर पेर टेकवलं आणि दोनदा वाजवलं. तिनं उत्तर दिलं नाही. मी उठले नाही. लसूण संपेपर्यंत बसून राहिले, आणि मधूनच वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी इंगोले सर आले, बरोबर परीक्षक बाई. खुर्च्या मांडल्या. पाच मुली आपापल्या जागी बसल्या. मधली जागा रिकामी.

"सहावी कुठंय, गुरव?" सरांनी विचारलं.

"येईल, सर."

"येईल म्हणजे? पाठ सुरू करायचाय."

मी शिट्टी वाजवली. फुलाला एवढंच म्हणाले, "वाजवा." तिच्या चेहऱ्यावर पट्टीखालूनही ऊन पडल्यासारखं झालं.

टक टक, डावीकडून. टक टक, उजवीकडून. मधे काही नाही. पुन्हा डावीकडून, पुन्हा उजवीकडून. मधली जागा सोडून दोघी वाट बघत होत्या, आणि पुन्हा वाजवत होत्या.

"हा कसला आवाज?" सर खुर्चीतून अर्धे उठले. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"सर, मुली बोलतायत."

"बोलतायत?"

"जरा ऐका की, सर."

तेवढ्यात दारापासून आवाज आला. टक टक. चौकटीच्या लाकडावरचा, म्हणून वेगळा. कांचन दारात उभी होती. कपाळावर खांबाचा हिरवा-निळा डाग, हातात पट्टी. फुलानं वाजवलं. कांचन एक पाऊल आली. वंदनानं वाजवलं. ती आणखी पुढं आली. हात पुढं धरले नव्हते तिनं. खांबाला वळसा घालून, दोन आवाजांच्या मधून कुणी पाटातल्या पाण्यातून चालावं तशी ती चालत आली, वाकली, रेष चाचपली, पट्टी बांधली. आणि फरशीवर आपलं पेर टेकवलं.

टक टक.

तिनं त्या दिवशी किती चेंडू अडवले ते मी मोजलं नाही. एकदा चेंडू तिच्या बरगडीवर असा बसला की मला माझी बरगडी धरावी लागली. ती चेंडूला मिठी मारून पडली होती आणि हसत होती. तिचं असं मोठ्यानं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

परीक्षक बाई जाताना कांचनच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. इंगोले सरांनी पाठाखाली शेरा मारला, "शांतता राखता आली नाही." मी पास झाले, पण काठावर. दादाला तेवढं पुरलं. पुढं मी जिथं जिथं नोकरी केली तिथं तो शेरा असलेला कागद कुणी मागितला नाही.

शाळेतून परतायची माझी एसटी पहाटेची होती. बॅग संध्याकाळीच भरून ठेवली. जेवण झाल्यावर मुली झोपायच्या खोलीकडं निघाल्या तेव्हा फुला दारात रेंगाळली.

"मॅडम, एक इचारू? राग नाई नं येनार?"

"विचार की."

"तुमची भिंत आमच्या भिंतीले लागून हाय. कांचनपासून सुरू केलं का शेवटी माही खाट, अन् मंग तुम्ही. आम्ही दररोज तुमच्यापर्यंत आनत होतो. तुम्ही कदीच वाजवलं नाई." तिनं चौकटीवर हात फिरवला. "आम्ही म्हनलं, मॅडमले सोबत नको असंल."

मी काही बोलायच्या आत ती भिंतीला हात लावत निघून गेली.

मी खाटेवर बसले, भिंतीला पाठ लावून. खिडकीत अजून थोडा उजेड होता. बहर ओसरला होता, झाडाखाली पांढरं पडलं होतं. पलीकडं खाटा करकरल्या, कुणीतरी खोकलं, शेवंताकाकूंनी कुणाला तरी पांघरुणावरून दटावलं. मग शांत झालं.

पार त्या टोकाला, अगदी बारीक, टक टक.

ती कांचन. मग तिच्या शेजारची. मग तिच्या अलीकडची. एकेक खाट बोलत बोलत ते माझ्याकडं येऊ लागलं. मी हलले नाही. खो-खोतही हलायचं नसतं. पाठीमागचे पाय जवळ येताना ऐकायचे आणि हात पडेपर्यंत बसून राहायचं.

टक टक. फुला. बरोबर माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधे.

मी उठले, भिंतीकडं तोंड केलं आणि दोनदा वाजवलं.